लाल पट्ट्याचा डबा

सकाळी आमच्या बिल्डिंगमधून कडीचे दोन डबे बाहेर पडायचे, एकाच माणसाच्या दोन हातांत. परत येताना एकात तबेल्याचं दूध असायचं आणि दुसऱ्यात नाला. दोन्ही डबे अगदी सारखे, लग्नात आहेर म्हणून जोडीनेच आलेले. सरांना त्यात काही वावगं वाटत नसे. "दुधाला वास असतो, नाल्यालाही असतो. नाक असलेल्या माणसाला फरक कळतो," असं ते म्हणत. मग एका सकाळी बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, चहाच्या आधणात दूध ओतायला डबा तिरका केला आणि पातेल्यात पिवळी फेसाळ धार पडली. बाई प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. दाराच्या चौकटीला देऊन उरलेला लाल ऑइलपेंट त्यांनी माळ्यावरून काढला आणि एका डब्याच्या गळ्याभोवती बोटभर रुंद पट्टा ओढला. "लाल तो तुमचा. तो माझ्या ओट्यावर दिसला तर तुम्हाला त्यातूनच चहा मिळेल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून सबंध बिल्डिंग त्या पट्ट्याला ओळखायला लागली. लाल पट्ट्याचा डबा जिना चढताना दिसला की माणसं भिंतीला चिकटून उभी राहायची.

सर कल्याणच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. अकरावीला मी त्यांच्या वर्गात होते, म्हणून मी आज कॉमर्सची पदवीधर आहे. परीक्षानळीत कोणी भलतंच काही ओतलं की सर पाठीमागे हात बांधून जवळ यायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "अभिनंदन." शिव्या देणारे मास्तर परवडले, असं वाटायचं. पुढे लग्न होऊन मी डोंबिवली पूर्वेला आले, तर समोरच्याच दारावर सरांच्या नावाची पाटी. तोवर ते निवृत्त झाले होते. मला पाहून म्हणाले, "बँकेत लागलीस म्हणे. अभिनंदन." माझ्या नवऱ्याला वाटलं, किती सज्जन शेजारी मिळाले.

हा शब्द ते सगळ्यांवर सारखाच वापरत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दुसरी गाडी घेतली तेव्हा ते पेढे घेऊन आले होते. सरांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "अभिनंदन. आता एक गाडी शीळफाट्याला अडकली की दुसरीत बसून वाट बघता येईल." सेक्रेटरी हसले, पण पेढ्यांचा बॉक्स त्यांनी बंद केला.

तर नाला. आमच्या बिल्डिंगच्या मागच्या भिंतीपलीकडून तो जातो. वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारे लहानमोठे कारखाने आहेत. नळाच्या तोट्या, कुलपं, सायकलची हँडलं तिथे चकाचक होतात आणि त्यांना धुतलेलं पाणी आमच्याकडे येतं. नाला कधी पिवळा असतो, कधी मोरपंखी. नवीन भाडेकरू पहिल्या आठवड्यात त्याचे फोटो काढतात, नंतर खिडकी बंद करायला शिकतात. एकटे सर ती खिडकी उघडी ठेवत. रंग बघून, आज कोणत्या कारखान्यात काय धुतलं असेल ते सांगत. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगत.

बिल्डिंगच्या मागे, जिथे दुपारपर्यंत ऊन येतं तिथे, सरांनी आपला कारखाना मांडला होता. निळे प्लास्टिकचे ड्रम मधोमध कापून त्यांचे टब केलेले. टबात चिखल, चिखलात अळू, आणि अळूच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरलेलं एक मातीचं मडकं. मडक्यात नाल्याचं पाणी. चिखलातून आणि मडक्यातून वायरी निघून भिंतीवरच्या एका खोक्यात जात आणि खोक्यावर एक बारीकसा लाल दिवा लुकलुकत असे. एवढा सगळा चिखल, एवढी सगळी पानं, आणि दिवा उदबत्तीच्या टोकाएवढा.

त्यामागचं शास्त्र मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. अळू उन्हावर स्वतःसाठी साखर बनवतो आणि त्यातली थोडी मुळांवाटे चिखलात सांडतो. चिखलातले जंतू ती खातात. खाताना त्यांच्याकडून विजेचे कण सुटतात. चिखलात खोचलेल्या कार्बनच्या कांडीने ते गोळा करायचे, वायरीने मडक्यात पाठवायचे, वाटेत त्यांच्याकडून दिवा लावून घ्यायचा. मडक्यात पिवळं, विषारी क्रोमियम वाट बघत असतं. हे कण मिळाले की ते शांत होतं, त्याचा पिवळेपणा जातो आणि ते गाळ होऊन तळाला बसतं. वरचं नितळ झालेलं पाणी मग अळूलाच घालायचं. "गुंडाला नोकरी लावली की तो संध्याकाळी घरी बसतो, तसंच हे," सर सांगायचे. जंतूंना ते 'आमची मंडळी' म्हणत. मुलं टबांजवळ क्रिकेट खेळायला लागली की गॅलरीतून ओरडत, "हळू! मंडळी जेवतायत." आतून बाईंचा आवाज यायचा, "घरातली मंडळी जेवली का ते कधी विचारलंत?"

या व्याख्यानाचा शेवट नेहमी एकाच वाक्याने व्हायचा. "लक्षात ठेवा, घाण कधी नाहीशी होत नाही. ती फक्त पत्ता बदलते." हे वाक्य आम्ही लिफ्टमध्ये ऐकलं, वाण्याकडे ऐकलं, एकदा एका मुंजीत ऐकलं. ऐकणारा तोवर मनाने घरी पोचलेला असायचा.

विजेसाठी लागायच्या त्या काळ्या कांड्या सर मेलेल्या सेलमधून काढत. जुन्या टॉर्चमधले, रेडिओतले, भिंतीवरच्या घड्याळातले सेल त्यांना हवे असत, आणि ते मागताना ते काळवेळ बघत नसत. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा वारले तेव्हा सगळे भेटायला गेलो होतो. सरही आले, मान खाली घालून बराच वेळ बसले, अण्णांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मग खिडकीतल्या रेडिओकडे बघून म्हणाले, "आता बातम्या कोण ऐकणार?" मुलाचा बांध फुटला. तो रडत असतानाच सरांनी रेडिओच्या मागचं झाकण उघडलं होतं.

सेक्रेटरींना तो कारखाना खुपत होता, कारण दुसऱ्या गाडीला तीच एक जागा होती. पण उघड भांडण नको म्हणून ते चेष्टेवर नेत. "सर, तुमच्या अळूवर लिफ्ट चालेल का हो?"

"चालेल की. फक्त वर जाणाऱ्यांनी जिन्याने जावं."

शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही की सर धोतर सारखं करून खाली जात आणि त्या टिकलीएवढ्या दिव्याशेजारी वीज मंडळाचे अध्यक्ष असल्यासारखे उभे राहत. खाली आलेल्या प्रत्येकाला म्हणत, "या, उजेडात या." त्या उजेडात सरांचा स्वतःचा अंगठासुद्धा दिसत नसे. पहिल्या मजल्यावरच्या नलूताई एकदा म्हणाल्या, "सर, यापेक्षा माझ्या देवघरातली वात बरी. तिला चिखल लागत नाही." नलूताई मूळच्या देवगडकडच्या. सोसायटीचं कोणतंही सार्वजनिक जेवण त्यांच्या हाताखालून जातं आणि त्यांच्या शब्दापुढे तिथे कोणी जात नाही. सर त्यांना म्हणाले, "तुमच्या वातीने नाला नितळ होतो का?" नलूताई म्हणाल्या, "तुमच्या दिव्याने तरी कुठे झालाय?" सर वाकून वायरी चाचपायला लागले.

एकदा ठाण्याला विज्ञान प्रदर्शन होतं. सरांनी एक टब न्यायचं ठरवलं. त्यासाठी टेम्पो केला आणि मला रजेच्या दिवशी सोबतीला घेतलं, कारण वाटेत टब धरायला कोणीतरी हवं होतं. शीळफाट्याला गाड्या अडकल्या त्या अडकल्याच. अळूने ऊन खाऊन माना टाकल्या. सर मागे टबापाशी बसून, माझी ओढणी पाण्यात भिजवून पानांवर धरत होते. माझी ओढणी, हे मुद्दाम सांगते. मुंब्र्याच्या वळणावर मडकं कलंडलं आणि पिवळं पाणी माझ्या चपलांत गेलं. सर म्हणाले, "घाबरू नकोस, चामड्यालासुद्धा क्रोमियमच लावतात."

प्रदर्शनात दिवा लागला नाही. सरांनी वायरी काढल्या, घातल्या, कांड्या घासल्या. प्रमुख पाहुणे समोर येऊन उभे राहिले. सर त्यांना म्हणाले, "मंडळींना प्रवास सोसलेला नाही. दोन दिवसांनी या." पाहुण्यांनी हसून विचारलं, यावर मोबाईल चार्ज होईल का? "होईल. मोबाईल इथे ठेवून जा, पुढच्या दिवाळीला न्या." आयोजकांनी पाहुण्यांना घाईघाईने शेजारच्या रोबोकडे नेलं. सरांना सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. जाड कागदाचं, प्लास्टिक चढवलेलं. पुढे ते एका मडक्यावर झाकण म्हणून बसलं.

पण त्या प्रदर्शनात एक गोष्ट घडली आणि सरांचं पुढचं सगळं तिच्याभोवती फिरलं. गर्दी रोबोपाशी गेल्यावर संशोधन करणारी एक मुलगी न लागलेल्या दिव्यासमोर थांबली. तिने दिव्याकडे पाहिलंच नाही. वाकून अळूचं पान उलटं केलं आणि म्हणाली, "सर, मडक्यातलं बरंच गाळात जात असेल. पण उरलेल्यातलं मुळांत किती राहतं आणि पानांत किती उतरतं?"

सर म्हणाले, "माहीत नाही."

मी दचकून त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मुलगी म्हणाली, आमच्या लॅबमध्ये तपासता येईल. गणपती झाले की मी आणि आमच्या मॅडम येतो, टब बघतो, पानं, मुळं, गाळ सगळं घेऊन जातो. आणि ठीक निघालं तर पुढे मोठ्या टाक्या करून बघू, नाल्याच्या कडेलाच. परतीच्या टेम्पोत सर अळूची पानं उलटी करकरून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा शर्ट आणला. बाई मला म्हणाल्या, "मुलीच्या लग्नात जुना घालून उभे होते गं हे."

आता टब गणपतीपर्यंत टिकणं आलं. नेमकी त्याच पावसाळ्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा लागली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि सेक्रेटरींनी विषय काढला. "बघा, मला सरांबद्दल आदर आहे. पण तिथे लहान मुलं खेळतात. नाल्याचं पाणी आणून ओततात ते. उद्या काय झालं तर? सर, तुम्हीच सांगा, ती घाण जाते कुठे?"

हा प्रश्न सरांना जन्मभर कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर ते न विचारता देत आले होते. मला वाटलं, आता पत्ता बदलण्याचं वाक्य येणार आणि पार्किंग सेक्रेटरींना मिळणार. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत घातला.

"कुठे जाणार? शुद्ध होते," सर म्हणाले. "माझ्या टबांत घातक असं काही उरत नाही. चिखल, पाणी आणि अळू."

"म्हणजे एकदम सेफ?"

"एकदम."

ठराव बारगळला. टब राहिले. सर इतकी वर्षं खरं सांगत होते तेव्हा एकानेही ऐकलं नव्हतं. एकदाच खोटं बोलले आणि ते सबंध सोसायटीच्या ध्यानात राहिलं.

मग गणपती आले. जे गावाला गेले नाहीत ते सगळे मांडवात. आमच्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, सगळ्यांसाठी ऋषीच्या भाजीचं मोठं पातेलं चढतं. या भाजीचा नियम असा की बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगरलेल्या शेतातलं नको, परसातलं, हाताने लावलेलं हवं. डोंबिवलीत परस कुठून आणणार? एरवी बाजारातल्या भाजीवाल्याला "बैलाचं नाही ना?" असं विचारायचं, त्याने "नाही ताई" म्हणायचं आणि दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, असं चालतं. नारळ खवायचं काम माझ्याकडे होतं. मी वर माझ्या घरी खवला आणि डबा घेऊन खाली आले तेव्हा पातेलं रटरटत होतं. वास असा सुटला होता की उपास नसलेल्यांनाही भूक लागावी.

रांगेत पहिले सर. वर्षभर सगळ्यांना नावं ठेवणारा हा माणूस ऋषीच्या भाजीसाठी स्वतःचं ताट घेऊन सर्वांत आधी उभा राहायचा. अंगात नवा शर्ट. ती मुलगी आणि तिच्या मॅडम पुढच्या आठवड्यात येणार होत्या, शर्टाची रंगीत तालीम चालली असावी. नलूताईंनी डावभर भाजी ताटात घातली. सरांनी बोटाने एक देठ बाजूला केला.

"अळू छान शिजलाय. कुठून आणलात?"

"अहो तुमचाच की!" नलूताई म्हणाल्या. "म्हटलं, आवारात एवढा अळू माजलाय नि आपण बाजारात का जायचं? बैल सोडा, तुमच्या चिखलात माणूसही पाय घालत नाही. याहून सोवळं काय मिळणार?"

सर ताट धरून उभेच राहिले. "पण... पाणी कुठलं आहे ते माहीत होतं ना तुम्हाला?"

"अळूला मोरीचंच पाणी लागतं हो. आमच्या गावाला न्हाणीच्या मागेच असायचा, हत्तीच्या कानाएवढी पानं. आणि तुम्हीच तर सांगितलंत सभेत, घातक काही नाही म्हणून."

मागून कोणीतरी म्हणालं, सर, पुढे व्हा. सर हलले नाहीत. ते फिरले आणि रांगेला म्हणाले, "ही भाजी कोणी खाऊ नका."

लोक हसले. खरंच हसले. सरांचं काहीतरी चालू झालं, असं वाटलं त्यांना. सर परत म्हणाले, या वेळी मोठ्याने, "यात अळू माझ्या टबातला आहे. त्याला नाल्याचं पाणी जातं. त्यात क्रोमियम असतं, निकेल असतं. पानांत उतरलं असेल. खाऊ नका."

"अहो सर, एवढासा दिवा लागत नाही धड तुमचा," सेक्रेटरी म्हणाले, "आणि म्हणे पानांत उतरलं! बसा हो. सणाच्या दिवशी काय पण." त्यांनी आपल्या नातवासाठी वाटी पुढे केली. नलूताईंनी डाव उचलला.

या माणसाने उभ्या आयुष्यात कोणाशी सरळ बोललेलं नव्हतं. प्रत्येक वाक्याला शेपूट, प्रत्येक अभिनंदनात काटा. आता एकदा, एकदाच, शेपूट नसलेलं वाक्य बोलला तर लोकांना ते ओळखताच येईना. सरांच्या चेहऱ्यावर मी ते उमटताना पाहिलं.

सरांनी मान वर केली आणि गॅलरीकडे बघून हाक मारली. "अगं, लाल पट्टा घेऊन ये!"

बाईंचा पंचमीचा उपास होता. कशाला, काय झालं, एक शब्द त्यांनी विचारला नाही. जो डबा त्यांनी जन्मात ओट्याला लागू दिला नव्हता तो दोन्ही हातांत धरून त्या स्वतः चार जिने उतरून आल्या. सकाळचंच पाणी होतं. लाल पट्टा बघून रांग सवयीने मागे सरकली. सरांनी डबा घेतला, झाकण काढलं आणि गणपतीसमोर, सगळ्यांच्या देखत, ते पिवळं पाणी ऋषीच्या भाजीत ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत ओतलं.

सेक्रेटरींच्या हातातली वाटी तशीच पुढे होती.

"घाण जाते कुठे, असं विचारलं होतंत मला," सर म्हणाले. "इथे जाते. मी तेव्हा खोटं बोललो होतो. टब राहावेत म्हणून बोललो."

मग जो गदारोळ झाला त्यात कोण काय बोललं ते वेगळं काढता येणार नाही. प्रसादात नाला! देवासमोर! नलूताई रडत होत्या, पहाटेपासून त्या चुलीपाशी होत्या. रडू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता, "पानांत उतरलंय हे तरी नक्की माहीत होतं का तुम्हाला?"

"नाही. तेच तपासायला पुढच्या आठवड्यात माणसं येणार होती."

"म्हणजे कदाचित काही झालंच नसतं!"

"कदाचित," सर म्हणाले. "मग वाढायची होती का यांच्या नातवाला?"

सेक्रेटरींना मात्र आवाज सापडला होता. आवारात विष, लहान मुलं, फसवणूक, सरांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आत्ताच्या आत्ता हटवा. दुपारीच चार धडधाकट माणसं मागे गेली. सर त्यांच्या मागे मागे. मी त्यांना कधीही कोणाची विनवणी करताना पाहिलं नव्हतं. "टब हलवा, हरकत नाही. पण तो गाळ नाल्यात ओतू नका. त्यातूनच काढलाय तो. इतक्या वर्षांचं सगळं तळाशी बसलंय. पोत्यात भरा, मी नेतो, कुठे द्यायचा ते मला माहीत आहे."

विष नको म्हणणारी माणसं ती. त्यांनी एकेक टब भिंतीवर टेकवून पलीकडे उपडा केला. मडकी फुटली, अळू मुळांसकट गेला, वायरी लोंबत राहिल्या. मग भाजीचा प्रश्न आला. प्रसाद कचऱ्यात टाकायचा नसतो, वाहत्या पाण्यात सोडायचा असतो. म्हणून ते पातेलंही उचलून भिंतीपाशी नेलं, सेक्रेटरींनी पायातल्या चपला काढल्या, सगळ्यांनी हात जोडले आणि भाजी नाल्यात सोडली. नाला पुढे खाडीला मिळतो. खाडीतली मासळी बुधवारी आमच्याच दारात येते आणि सेक्रेटरी तिला ताजी आहे का म्हणून दाबून बघतात.

सर तिथेच कठड्यावर बसून होते. मला वाटलं, आता तरी काहीतरी टोचून बोलतील. मी वाट बघत होते, खरं तर मला ते हवं होतं. ते लोंबत राहिलेल्या वायरी एकेक करून गुंडाळत बसले. मला त्या दिवशी या बिल्डिंगची लाज वाटली, आणि तिच्यात मीही राहते.

ठाण्याची मुलगी तिच्या मॅडमना घेऊन ठरल्या दिवशी आली. सर फोन करून नको सांगू शकले असते, पण त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी तोच शर्ट घातला, दोघींना मागे नेलं आणि सेक्रेटरींची दुसरी गाडी दाखवली. "इथे होतं," म्हणाले. मुलीने विचारलं, एखादं पान, थोडा गाळ, काही ठेवलंय का? काही ठेवलं नव्हतं. बाईंनी दोघींना चहा दिला. सगळी हकीकत ऐकलेल्या मॅडमनी चहा घेण्याआधी कपात वाकून बघितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "घ्या, दुधाचा डबा वेगळा आहे."

त्या वर्षअखेरीला सर आणि बाई आपल्या लेकीकडे नाशिकला गेले. सामान टेम्पोत चढवताना सरांनी लाल पट्ट्याचा डबा माझ्या हातात दिला. "घासलेला आहे. दूध आणायला होईल." मी म्हटलं, "सर, यात दूध कोण आणणार?" ते म्हणाले, "मग राहू दे नुसता." अधूनमधून त्यांचा फोन येतो. तब्येतीची चौकशी वगैरे नाही, पहिला प्रश्न, "आज कोणता रंग?" मी खिडकी उघडून सांगते.

यंदाच्या पंचमीला मी नारळाचा डबा घेऊन खाली गेले. पातेलं रटरटत होतं. टोपलीत अळूचे देठ पडले होते, मनगटाएवढे जाड. असा अळू बाजारात मिळत नाही. मी मागे जाऊन भिंतीपलीकडे डोकावले. जिथे टब उपडे केले होते तिथे, नाल्याच्या काठाने, अळूचं बन माजलं होतं आणि त्याच्या मधल्या भागातली पानं नुकतीच कापलेली होती.

"नलूताई, हा तोच अळू आहे."

"तो कसा असेल? सर गेले, टब गेले," नलूताई म्हणाल्या. "हा आपोआप आलाय गं. कोणी लावला नाही, कोणी पाणी घातलं नाही. बैलाचा तर नाहीच नाही. तू आता सरांसारखं सुरू करू नकोस हां."

मी आणखी दोनदा सांगितलं. एकदा समजावून, एकदा चिडून. रांगेतले दोघंतिघं हसले. सेक्रेटरींचा नातू आता स्वतःची वाटी स्वतः धरण्याएवढा झाला आहे, तो सर्वांत पुढे होता.

मी वर गेले. माळ्यावरून डबा काढला, फडक्याने पुसला आणि कडीला धरून जिना उतरले. खाली येऊन टेबलावर पातेल्याला लागून ठेवला, पट्टा सगळ्यांना दिसेल असा. डबा कोरडा ठणठणीत होता, पण झाकण उघडून बघायला कोणी पुढे झालं नाही. रांग भिंतीला जाऊन चिकटली. नातवाला त्याच्या आजीने दंडाला धरून मागे ओढलं.

नलूताईंनी हातातला डाव खाली ठेवला, पातेल्यावर ताट झाकलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अभिनंदन."